घट्ट विणीची गाळणी

कलगोंडा मास्तरांनी सरकारी शाळेच्या नोकरीचा राजीनामा दिला तेव्हा निपाणीच्या आसपास त्यांचं बरंच नाव झालं. एकोणीसशे एकवीस साल होतं, असहकाराचे दिवस. ज्याला त्याला काहीतरी सोडायची घाई झालेली. कुणी विलायती कापड सोडलं, कुणी वकिली सोडली, कुणी नुसता चहा सोडून बघितला आणि आठवड्याच्या आत पुन्हा धरला. मास्तरांनी सोडलेलं पुन्हा धरलं नाही, एवढं मात्र खरं. नोकरीबरोबर त्यांनी मुलांची शाळाही सोडवली. थोरला नेमगोंडा तेव्हा पाटी घेऊन शाळेत जायला लागला होता आणि धाकटी शालन अजून अंगणात चिखलाच्या भाकऱ्या थापत होती. "परक्या सरकारच्या शाळेत माझी मुलं पाऊल टाकणार नाहीत," असं मास्तरांनी जैन बस्तीपुढच्या, म्हणजे देवळापुढच्या सभेत सांगितलं. लोक गहिवरले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपापली पोरं नेहमीप्रमाणं शाळेत धाडली.

मास्तरांनी घराच्या पुढच्या सोप्यातच शाळा मांडली. विद्यार्थी दोन, मास्तर एक. सकाळी स्तोत्रं, मग गणित, मग मराठी, मग कानडी, दुपारी सूत कातणं. इंग्रजी मात्र नाही. मास्तरांना स्वतःला इंग्रजी उत्तम येत होतं, पण साहेबाची भाषा या उंबऱ्याच्या आत येणार नाही असा त्यांचा नेम होता, आणि नेम म्हटला की मास्तर ऐकत नसत. कुणाचंच ऐकत नसत, पण नेमाच्या बाबतीत स्वतःचंसुद्धा.

शिकवायचे मात्र झकास. हिशेब शिकवताना गोष्ट सांगायचे, गोष्ट सांगताना हिशेब घालायचे. शालन एखाद्या गणिताचं उत्तर त्यांच्या आधी सांगून मोकळी झाली की ते खोटं खोटं रागवायचे आणि मग पाणी प्यायच्या निमित्तानं आत जाऊन बायकोला सांगून यायचे. सोप्यातला तो वेळ त्यांना जिवापाड आवडत होता. नोकरी गेली, जमिनीच्या तुकड्यावर कसंबसं भागत होतं, पण समोर दोन डोकी पाटीवर वाकलेली दिसली की आपण केलं ते बरोबर केलं असं त्यांना वाटायचं. दुसरं कशामुळं फारसं तसं वाटत नसे.

उरलेल्या वेळात ते तंबाखूविरुद्ध व्याख्यानं देत. निपाणीच्या पट्ट्यात, जिथं शेतात तंबाखू, वखारीत तंबाखू, आणि हवेत तंबाखूचा नाकात झोंबणारा खाट, तिथं हा माणूस गावोगाव जाऊन तंबाखूचे तोटे सांगायचा. लोक यायचे, तोंडातली चिमूट एका गालातून दुसऱ्या गालात सारून मन लावून ऐकायचे.

असं पाच-सहा वर्षं चाललं. मग एक दिवस मास्तरांच्या बायकोनं, पद्मावतीबाईंनी, जेवताना विषय काढला. त्या एरवी कमी बोलत. बोलत तेव्हा सगळं आधीच ठरवलेलं असे.

"तवनाप्पा येतोय दिवाळीला," त्या म्हणाल्या. तवनाप्पा हा त्यांचा भाऊ. बेळगावात वकील होता आणि टिळकवाडीत त्यानं नवीन घर बांधलं होतं. "पोरांना घेऊन जातो म्हणतोय. तिथं शाळंत घालतो म्हणतोय."

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्या काय म्हणणार? नेमगोंडाला उद्या कुणी इचारलं, काय येतं रं तुला, तर त्यानं काय सांगायचं? स्तोत्र म्हणून दावतो म्हणायचं?"

मास्तरांचा घास हातातच राहिला. माणूस घडवणं म्हणजे काय यावर ते बराच वेळ बोलले. पद्मावतीबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं, आमटी वाढली आणि म्हणाल्या, "दिवाळीपतोर पोरांनी सोताच्या हातानं काय तरी कमवून दावावं. दावलं तर ऱ्हाऊ द्यात तुमच्यापाशी. न्हाय तर जाऊ द्यात मामाकडं."

मास्तरांनी पैज स्वीकारली. घाबरले होते, पण सांगताना त्यांनी ती स्वतःचीच कल्पना असल्यासारखी मुलांना सांगितली. "बाळांनो, आजपासून आपल्या शाळेत स्वावलंबन हा विषय सुरू."

धंदा कुठला हे ठरायला वेळ लागला नाही. जैनाच्या घरात पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत. घागरीच्या तोंडावर दुहेरी कापड घालायचं, आडातलं पाणी त्यातून ओतायचं, आणि कापडात जे सूक्ष्म जीव अडकतील ते थोड्या पाण्यानं हलकेच परत त्याच आडात सोडायचे. म्हणजे प्रत्येक घराला गाळणं लागतंच. आणि ती गाळणी त्या काळात बहुतेक गिरणीच्या कापडाची असत. मास्तरांचे डोळे चमकले. हातसुताची गाळणी. एकाच फडक्यात जीवदयाही आणि देशही. आपल्याला हे आधी सुचलं कसं नाही याचंच त्यांना नवल वाटलं.

शालननं सूत कातायचं, गावातल्या शामू कोष्ट्यानं ते विणून द्यायचं आणि नेमगोंडानं तुकडे कापून काठ शिवायचे. मास्तरांनी नियम घालून दिले. आपल्या मालाची आपण स्तुती करायची नाही. मालात दोष असेल तर गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी सांगायचा. भाव एकच. गिऱ्हाईक माल नेऊन त्याचं काय करतं ही चौकशी आपण करायची नाही. आणि दिवस मावळायच्या आत जेवायला घरी.

"एवढं सगळं पाळून खपंल काय, आप्पा?" नेमगोंडानं विचारलं.

"खपण्यासाठी आपण करतच नाही," मास्तर म्हणाले. मग दिवाळी आठवून त्यांनी जोडलं, "पण खपेल."

शालनचं सूत चांगलंच उतरलं. बारीक, एकसारखं. ते घेऊन मास्तर स्वतः शामूकडं गेले आणि तिथं त्यांनी जी चूक केली ती फक्त तेच करू शकत होते. शामूनं विचारलं, वीण किती घट्ट ठेवू. मास्तर म्हणाले, "अशी ठेव की एकही जीव पार होता कामा नये."

शामूनं फणी ठोकली. मास्तरांनी कापड उन्हाला धरून पाहिलं. "अजून ठोक."

"मास्तर, पानी तर जाऊ द्या की तिच्यातनं."

"पाणी आपली वाट शोधतं," मास्तर म्हणाले.

पाण्यानं खरोखरच शोधली. पहिलं गाळणं शेजारच्या अंबुबाईंनी कौतुकानं नेलं, घागरीवर घातलं आणि पोहरा ओतला. पाणी कापडात साचून राहिलं. अंबुबाई वाट पाहत राहिल्या, मागच्या बायका खोळंबल्या, आणि अखेर ते पाणी कापडाच्या काठावरून ओसंडून, एक थेंबही गाळला न जाता, साळसूदपणे घागरीत गेलं. दुसऱ्या दिवशी गाळणं परत आलं. त्यापाठोपाठ आणखी सगळी परत आली. मास्तर म्हणाले, धुतल्यावर सैल पडेल. धुतल्यावर ते आटलं आणि होतं त्याहून घट्ट झालं.

गावाला विषय मिळाला. आडावर कुणाला उशीर झाला की बाया म्हणायच्या, मास्तराच्या गाळण्यानं पाणी भरत होतीस काय गं. मास्तरांनी ते मनावर घेतलं नाही असं दाखवलं. पण दिवाळी जवळ येत होती. सकाळी मुलं पाटी घेऊन समोर बसली की त्यांना शिकवणं सुचेनासं झालं. पुढच्या महिन्यात हा सोपा रिकामा असेल, आणि आपण नोकरी सोडलेला एक बेकार मास्तर उरू, ही भीती त्यांच्या मागं लागली होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही.

शेवटी शालनच म्हणाली, "आप्पा, निपाणीच्या बाजारात नेऊन बघतो आम्ही."

मुलं गेली. मास्तरांना राहवलं नाही. ते मागोमाग गेले आणि गुळाच्या ढेपांआड उभं राहून बघू लागले. शालन पथारीवर गाळणी मांडून बसली होती आणि आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला प्रामाणिकपणे सांगत होती, "मावशी, यातनं पाणी लवकर गळत न्हाय बरं का." मावशी पुढं जात होत्या. स्वतःचीच शिकवण इतक्या तंतोतंत पाळली जाताना बघून मास्तरांना अभिमान वाटला आणि घामही फुटला. ते अधिक बघू शकले नाहीत. परत फिरले.

दिवस मावळायच्या आत मुलं घरी आली तेव्हा टोपली रिकामी होती. एकाच माणसानं सगळी गाळणी नेली होती आणि पुढच्या बाजाराला त्याच कापडाच्या पिशव्या मागितल्या होत्या. मास्तरांनी कोण माणूस, कशाला, काहीच विचारलं नाही. नियमच होता तसा. "सत्याला गिऱ्हाईक मिळतंच," एवढं ते पद्मावतीबाईंना ऐकू जाईल असं म्हणाले.

जे मास्तरांना कळलं नाही ते आपण इथंच सांगून टाकू. पथारीच्या शेजारी मारुतीराव तपकीरवाले बसले होते. निपाणीत त्यांचा तपकिरीचा कारखाना होता. तपकीर म्हणजे तंबाखूची पिठासारखी बारीक पूड, कुठल्याही पिशवीतून भुरभुरत बाहेर यायची. कारखान्यातल्या बायका दिवसभर शिंकत, गाडीवाले शिंकत, बैल शिंकत. शालननं दोष सांगितला तो मारुतीरावांच्या कानावर पडला. त्यांनी एक फडकं मागून घेतलं, तपकीर बांधली, झटकली, आपटली. कणभर बाहेर आली नाही. "पोरी," ते म्हणाले, "हे काय गळू देत न्हाय म्हणतीस न्हवं? मला तेच पायजे."

घरात शिवणाला ऊत आला. शामूचा माग त्यांच्यासाठीच चालू लागला. पद्मावतीबाई स्वतः शिवायला बसल्या. त्यांना पिशव्या कुणाच्या हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. मास्तर मात्र जाईल तिथं सांगत होते की बघा, शाळेत न गेलेली माझी मुलं.

मग नेमकं निपाणीतच त्यांचं व्याख्यान ठरलं. विषय नेहमीचाच. बोलता बोलता त्यांना पुढच्या रांगेत एका म्हाताऱ्याच्या हातात छोटी पिशवी दिसली. तो काठ, ते सूत त्यांनी लगेच ओळखलं. भरून आलं त्यांना. "हे बघा," ते सभेला म्हणाले, "या आजोबांच्या हातात बघा. व्यसनाकडं पाठ फिरवून माणूस हातसुताकडं वळला की समाज सुधारला म्हणून समजा." सगळ्यांनी माना वळवल्या. म्हातारा जरा गोंधळला. एवढं कौतुक होतंय म्हणून त्यानं पिशवी सोडली, चिमूट काढली, नाकात ओढली आणि आदरानं मास्तरांपुढंही धरली.

सभेचा शेवट कसा झाला ते मास्तरांना पुढं कधी नीट आठवलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी मुलांना सोप्यात बसवलं.

"तपकिरीसाठी?"

"व्हय," शालन म्हणाली. "दोष सांगून इकलं, आप्पा."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इचारलं न्हाय. आन् गिऱ्हाइकानं काय करायचं त्ये आपून इचारायचं न्हाय, असं तुम्हीच शिकवलंत न्हवं?"

पिशव्या बंद करायच्या असं म्हणायला शब्द जिभेवर आले होते. पण बंद केल्या तर दिवाळीला दाखवायचं काय? तवनाप्पा येणार आणि मुलं जाणार. ते उठले आणि शेतावर गेले. बांधावर बसून त्यांनी आपल्या तत्त्वांची फार कसून झडती घेतली, आणि तत्त्वांनीही त्यांना निराश केलं नाही. पिशवी म्हणजे तंबाखू नव्हे. उलट त्या पिशवीमुळं कारखान्यातल्या बायकांच्या नाकात जाणारी पूड थांबली. म्हणजे हिंसा कमी झाली. किती तरी जीव वाचले, बैलसुद्धा. एवढं सापडल्यावर ते घरी येऊन पोटभर जेवले. त्यानंतर त्यांची व्याख्यानं पुन्हा सुरू झाली, पण आता ती फक्त विडी आणि खायच्या तंबाखूवर असत. तपकिरीचा भाग वेळेअभावी गाळला जाई.

दिवाळीला तवनाप्पा आला. त्यानं दारातल्या पिशव्यांचा ढीग बघितला, भाच्याचं शिवण बघितलं, भाचीला मारुतीरावांच्या माणसाशी बोलताना ऐकलं आणि वकिलासारखा वाद न घालता हरलो म्हणाला. मास्तरांची छाती फुगली. सहा वर्षांत इतका सुखाचा दिवस त्यांना आला नव्हता. फराळाच्या ताटावर बसून त्यांनी मेव्हण्याला घरच्या शिक्षणाचं महत्त्व पहिल्यापासून समजावून सांगायला घेतलं.

"आप्पा," शालन मध्येच म्हणाली, "मी मामाबरोबर बेळगावला जाते. शाळंत."

तवनाप्पानं लाडू खाली ठेवला.

"पैज जिंकली ना आपण?" मास्तरांचा आवाज चिरकला. "तुला कुणी धाडत नाही आता."

"कुणी धाडत न्हाय म्हणूनच इचारते." ती खाली बघून बोलत होती, पण थांबली नाही. "मारुतीरावांनी पिशवीवर मारायला इंग्रजी ठसा दिलता. म्या आन् नेमगोंडा अण्णानं समदा उलटा मारला. आमाला काय म्हाईत वर कुठलं आन् खाली कुठलं. हुबळीचा व्यापारी आलता, त्यो हसला. मारुतीराव पण हसलं. घरात इंग्रजी काढायचं न्हाय म्हणून तुम्हाला इचारलं न्हाय." मग जरा वेळानं म्हणाली, "माझ्या वाट्याचं हाय न्हवं काय तरी? त्यातनं फी भरते. तुमच्याकडनं मागत न्हाय."

मास्तरांनी नेमगोंडाकडं पाहिलं. "तू तरी?"

"मला न्हाय जायचं शाळंत," नेमगोंडा म्हणाला, आणि मास्तरांच्या जिवात जीव आला. "पर आप्पा, आता सकाळचं बसणं पण न्हाय जमायचं. शामू दुसरा माग घालतोय. तिथं मी लागतो."

अशी ती शाळा, आपल्या सगळ्यात यशस्वी दिवशी, फराळ चालू असताना बंद पडली. मास्तरांना रागावायचं होतं. पण स्वतःच्या पायावर उभं राहा, स्वतः ठरवा, असं ज्यांना सहा वर्षं घोकवलं त्यांनी ते केलं, याबद्दल कसं रागवावं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना रडू येत होतं. "जा," ते म्हणाले, आणि हात धुवायला उठून गेले.

पोचवायला मात्र तेच गेले. तवनाप्पा म्हणत होता, मी घालतो शाळेत, पण मास्तरांनी ऐकलं नाही. मुलींच्या त्या शाळेच्या फाटकातून आत जाताना त्यांनी धोतराचा सोगा आवरून घेतला, जणू काही विटाळ होईल. हेडबाई वयस्कर होत्या, बोलायला सरळ. त्यांनी शालनला मराठी वाचायला दिलं, गणितं घातली, कानडीत दोन प्रश्न विचारले. प्रत्येक उत्तराला मास्तर स्वतःच पाठ म्हणत असल्यासारखे ओठ हलवत होते. हेडबाई खूश झाल्या. मग त्यांनी इंग्रजी पुस्तक उघडून पुढं सरकवलं. शालननं ते हातात घेतलं, बघितलं आणि परत ठेवलं.

"पहिल्या इयत्तेत बसावं लागेल," हेडबाई म्हणाल्या. "लहान मुलींत."

आणि मग कलगोंडा मास्तर भांडायला लागले. ज्या शाळांना आग लावली पाहिजे असं ते सभांतून सांगत, त्यांतल्याच एका शाळेत आपल्या मुलीला दोन इयत्ता वर घ्यावं म्हणून ते टेबलावर हात आपटून बोलत होते. हिला त्रैराशिक तोंडी येतं. तुमच्या तिसरीतली एक मुलगी आणा हिच्यासमोर. हिच्याएवढी बुद्धी तुमच्या अख्ख्या शाळेत नसेल. हेडबाई मान हलवत राहिल्या. शेवटी मास्तर काकुळतीला आले. "मला एक महिना द्या. मी बेळगावात राहतो आणि स्वतः तिला इंग्रजी शिकवतो. महिन्यात तिसरीच्या बरोबरीला आणून दाखवतो. मी शिकवलेलं आहे इंग्रजी, शाळेत, कित्येक वर्षं."

"तुम्हाला येतं इंग्रजी?" हेडबाईंना खरंच आश्चर्य वाटलं. "मग हिला इतकी वर्षं का नाही शिकवलंत?"

मास्तरांकडं याचं उत्तर होतं. बस्तीपुढं, चावडीपुढं, बाजारात त्यांनी ते शेकडो वेळा दिलं होतं, आणि चांगलं दिलं होतं. त्यांनी ते द्यायला तोंड उघडलं. शालन त्यांच्याकडं बघत होती. तिलाही ते उत्तर पाठ होतं. पण या वेळी ते काय म्हणतात हे तिला खरोखरच ऐकायचं होतं, असं तिच्या तोंडावरून दिसत होतं.

मास्तरांनी टेबलावरचं इंग्रजी पुस्तक मिटून हेडबाईंकडं सरकवलं.

"ऱ्हाऊ द्या, आप्पा," शालन हळूच म्हणाली. "बसते मी लहान पोरींत."

शिपाईणबाई तिला घेऊन गेली. वर्ग समोरच होता, दार उघडं होतं. पुढच्या बाकावर चिमुरड्या मुली दाटीनं बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा केली आणि शालन त्यांच्यात बसली. पाय बाकाखाली मावेनात म्हणून तिनं ते एका बाजूला घेतले. राजीनामा आपण दिला आणि त्याची किंमत भरतेय ही पोरगी, एवढंच मास्तरांना तिथं उभ्या उभ्या कळलं. बाईंनी फळ्यावर पहिलं अक्षर काढलं. बाकीच्या मुलींच्या मागून शालननंही ते मोठ्यानं म्हटलं. तिचा उच्चार थोडा चुकला, आणि तो सुधारायला कलगोंडा मास्तर दाराबाहेरून नकळत एक पाऊल पुढं आले. शिपाईणबाईनं दार लावून घेतलं.